दादाला आईशेजारी जागा का मिळाली नाही? तालुक्यातील सर्व मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आमच्या तालुक्यातील सर्व मंडळ्यांचे पाळक, कॅथॉलिक धर्मग्रामाचे फादर, फेलोशिपचे पास्टर आणि पंचकमिटीचे सभासद यांस,

सलाम.

हे पत्र मी आधी पाकिटात घालून एकेकाच्या घरी पोचते करणार होते. पण जे घडले ते बंद दाराआड घडलेले नाही. भर दुपारी, दफनभूमीच्या फाटकासमोर, शे-दीडशे माणसांच्या देखत घडले. त्यावरचे माझे म्हणणेही चारचौघांना वाचता यावे म्हणून उघडपणे लिहिते आहे.

नोव्हेंबरात माझा थोरला भाऊ प्रभूमध्ये निजला. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. वय ७१. त्याचा बालबाप्तिस्मा आपल्या जुन्या मंडळीत झाला, दृढीकरणही, म्हणजे मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधीही, तिथेच. रविवारच्या शाळेत त्याने मुले शिकवली. नाताळच्या भजनफेरीत वीसेक वर्षे पेटी गळ्यात अडकवून तो गावभर हिंडला. दफनभूमीत डुकरे शिरू लागली तेव्हा ज्या पोरांनी श्रमदानाने तारेचे कुंपण घातले, त्यांत तो होता. त्या तारेने कापलेला त्याचा तळहात मी माझ्या हाताने बांधला आहे. बारा वर्षांपूर्वी त्याचा मुलगा मरणाच्या दारात होता, तेव्हा फेलोशिपची, म्हणजे मोठेपणी पाण्यात उतरून बाप्तिस्मा देणाऱ्या नव्या मंडळीची, माणसे दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्ररात्र जागून प्रार्थना करत बसली. मुलगा वाचला आणि दादा त्यांच्यात जाऊ लागला. पुढे पाटाच्या पाण्यात उतरून त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. मला ते आवडले नव्हते. मी त्याच्याशी भांडले, दोन महिने त्याच्या घराची पायरी चढले नाही. हेही सांगते, कारण या फुटीत माझा काहीच वाटा नाही असे मला म्हणता येणार नाही.

त्या दिवशी सकाळी आईच्या कबरीशेजारी खड्डा खणून तयार होता. अकराच्या सुमारास निरोप आला की दफनभूमी सांभाळणाऱ्या पंचकमिटीचा ठराव आहे: ज्याने आपल्या मंडळीचा बाप्तिस्मा नाकारून दुसरा घेतला आणि ज्याचे नाव सभासदांच्या वहीतून कमी झाले, त्याला या जमिनीत जागा देता येत नाही. फाटकाला कुलूप होते. आम्ही चार वाजेपर्यंत थांबलो. वहिनी शवपेटीजवळ मातीतच बसून राहिली. कोणीतरी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एक गीत सुरू केले आणि सगळे म्हणू लागले. फाटकाच्या आत उभे असलेले दोन पंचही ओठ हलवत होते. मी पाहिले आहे. गीत त्यांनाही पाठ होते.

शेवटी टेम्पो करून तीस किलोमीटरवर, शेजारच्या तालुक्यात फेलोशिपने घेतलेल्या तुकड्यात दादाला नेले. तिथे पास्टरांनी प्रार्थनेत देवाचे आभार मानले, की आमच्या या भावाला तू मेलेल्या मंडळीतून बाहेर काढलेस.

त्या मेलेल्या मंडळीत माझी आई ३१ वर्षे बायबल वुमन, म्हणजे गावोगाव जाऊन वचन सांगणारी सेविका, होती. ऊन-पावसात पायी गावे पालथी घातली तिने. ती जिथे निजली आहे तिथून तिच्या मुलाला परत पाठवले, आणि मुलाला जिथे पुरले तिथे तिच्या विश्वासाला मेलेला म्हटले. दोन्ही मी एकाच दिवशी ऐकले. तक्रार कोणा एकाकडे करू? म्हणून सगळ्यांकडेच करते आहे.

पहिली तक्रार पंचकमिटीकडे. ही जमीन मिशनच्या काळात घेतलेली आहे. का घ्यावी लागली, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आपले आजे-पणजे बहुतेक महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून ख्रिस्ताकडे आले. जिवंतपणी ज्यांना गावाच्या विहिरीवर जागा नव्हती त्यांना मेल्यावर गावाची जमीन कोण देणार? म्हणून ही वेगळी जमीन. जागा नाकारली गेलेल्या माणसांसाठी जी जमीन घेतली, तिच्याच फाटकावर उभे राहून आपण आता जागा नाकारतो आहोत.

आणि हे कोणत्या दिवसांत? २०२५ च्या जानेवारीत छत्तीसगडमध्ये बस्तरच्या एका गावात एक पाळक वारले. गावाने त्यांना गावात पुरू दिले नाही. ७ जानेवारीपासून देह शवागारात होता. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जानेवारीला निकाल आला, त्यातही दोन न्यायमूर्तींची मते वेगवेगळी पडली आणि शेवटी गावापासून दूर, ख्रिस्ती लोकांसाठी नेमलेल्या जागी दफन करायला सांगण्यात आले. त्या दिवसांत आपल्या उपासनेत त्या कुटुंबासाठी प्रार्थना झाली होती. मी स्वतः उभी होते. त्या मुलासाठी रडणारे आपण, दादाच्या मुलाला काय म्हणालो? नियम आहे म्हणालो.

दुसरी तक्रार फेलोशिपच्या पास्टरांकडे. तुमच्या लोकांची कळकळ मी जवळून पाहिली आहे आणि तिच्याबद्दल माझ्या मनात खरा आदर आहे. पण दुसऱ्याच्या मंडळीला मेलेली, बाबेलची, कोमट म्हटल्याशिवाय तुमची साक्ष पुरी होत नाही का? माणूस तुमच्याकडे आला की पंधरा दिवसांत त्याला पाण्यात उतरवता. त्याच्या आधीच्या पाळकाशी एक शब्द बोलत नाही, त्याच्या आईबापांना विचारत नाही. बालबाप्तिस्मा योग्य की विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा योग्य, हा प्रश्न खरा आहे, जुना आहे, त्यावर प्रामाणिक माणसांनी शेकडो वर्षे वाद घातला आहे. मला तो लहान वाटत नाही. म्हणूनच पंधरा दिवसांत उरकण्याजोगाही वाटत नाही. जत्रेला निघालेल्या कॅथॉलिक बायकांना वाटेत गाठून मूर्तिपूजक म्हणणारी पत्रके वाटली गेली, तीही तुमच्याच काही तरुणांनी. त्या बायकांत माझी धाकटी बहीण होती. लग्नानंतर गेली ३४ वर्षे ती कॅथॉलिक घरात आहे. पहाटे उठून ती माझ्यासाठी, तुमच्यासाठी, सगळ्यांसाठी गुडघे टेकते.

तिसरी तक्रार जरा जास्त गंभीर आहे. आमच्या कॉलनीतल्या एका बाईंना साखरेचा आजार होता. एका सभेत स्वतःला भविष्यवादी, म्हणजे देवाचा थेट संदेश सांगणारे, म्हणवणाऱ्या एका बंधूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले, प्रभू म्हणतो तू बरी झालीस, गोळ्या हे अविश्वासाचे चिन्ह आहे. बाईंनी गोळ्या बंद केल्या. पायाला जखम झाली, चिघळली, आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ते बंधू पुन्हा आमच्या तालुक्यात आले नाहीत. "प्रभू म्हणतो" हे दोन शब्द ज्याने उच्चारले, त्याला नंतर कोणी जाब विचारला? फेलोशिपने नाही विचारला, आणि जुन्या मंडळीनेही नाही. आपल्याकडे फक्त म्हटले गेले, पाहा, तिकडे गेल्यावर असे होते. त्या बाई तिकडे का गेल्या होत्या, हे आपल्या पाळकसाहेबांनी स्वतःला विचारावे अशी माझी नम्र विनंती आहे. दोन वर्षे त्या आजारी होत्या आणि आपल्यापैकी कोणी त्यांच्या घरी प्रार्थनेला गेले नव्हते.

चौथी तक्रार फादर, तुमच्याकडे आणि सगळ्यांकडेच. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा. १९०८ मध्ये सुरू झाला, आता जगभर पाळला जातो. आपल्या गावातही पाळला जायचा. एक संध्याकाळ तुमच्या देवळात, एक आमच्या, एक फेलोशिपच्या हॉलमध्ये. तुमच्या सिस्टर्स आणि आमचे तरुण संघ मिळून गायचे. गेली पाच वर्षे तो बंद आहे. आधी पत्रकांवरून, मग कोणी कोणाच्या वेदीजवळ उभे राहायचे यावरून. बंद करण्याचा ठराव कोणीच केला नाही, म्हणून सुरू करायची जबाबदारीही कोणावर नाही. मिस्सामध्ये, म्हणजे तुमच्या मुख्य उपासनेत, तुमच्या नियमाप्रमाणे मला ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, मिळत नाही, हे मला समजते. बहिणीच्या नातवंडांच्या सोहळ्यात मी बाकावर बसून राहते. ते दुखते, पण ती तुमची प्रामाणिक शिकवण आहे आणि ती एका पत्राने बदलावी अशी माझी अपेक्षा नाही. एकत्र प्रार्थना करायला मात्र तुमची कोणतीही शिकवण आडवी येत नाही. तुमच्या जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ऐक्याविषयीचा जो हुकूमनामा काढला, त्यात विभक्त बंधूंबरोबरच्या, म्हणजे कॅथॉलिक नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबरच्या, प्रार्थनेला स्पष्ट जागा दिली आहे.

दादा गेल्यावर मी तिन्हीकडे गेले. पंचकमिटीचे अध्यक्ष म्हणाले, आम्ही प्रार्थना करूनच ठराव केला, देवाने आम्हांला शांती दिली. पास्टर म्हणाले, त्या प्रार्थनेचे शब्द माझे नव्हते, प्रभूने तोंडात घातले. दोघेही मनापासून बोलत होते. मी ३० वर्षे शाळेत शिकवले आहे, खोटे बोलणारा माणूस मला बहुधा कळतो. हे खोटे बोलत नव्हते. मग एकाच देवाने एकाच मृताविषयी दोघांना दोन उलट गोष्टी सांगितल्या का? की आपण सगळे ज्याला देवाची वाणी म्हणतो आहोत, त्यात आपलाच आवाज मिसळला आहे आणि तो निवडून काढायला आपल्यापाशी कोणी उरलेले नाही?

शमुवेलाची गोष्ट मी रविवारच्या शाळेत किती वेळा सांगितली असेल. रात्री देवाची हाक आली, पोरगा उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावला. तीनदा. त्याला वाणी ऐकू येत होती, पण कोणाची ते कळत नव्हते. ते सांगितले एलीने. ज्याचे डोळे मंद झाले होते, ज्याचे स्वतःचे घर बिघडले होते, त्या म्हाताऱ्याने. ऐकले तरुणाने, ओळखले म्हाताऱ्याने. मला वाटते आपल्या तालुक्यात आज तेच तुटले आहे. फेलोशिपच्या पोरांना हाका ऐकू येतात आणि ती धावतात, पण एलीला विचारायला येत नाहीत. जुन्या मंडळीत एली पुष्कळ आहेत, पण रात्री कोणी दार वाजवलेच तर उघडत नाहीत.

बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय काढून पाहा. पहिल्या मंडळीचे पुढारी यरुशलेमात जमले होते. वाद लहान नव्हता. विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांची सुंता झाली पाहिजे की नाही, म्हणजे तारण कशाने, हाच प्रश्न होता. तिथे पुष्कळ वादविवाद झाला असे लिहिले आहे. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, याकोबाने शास्त्र लावून दाखवले. आणि मग पत्रात त्यांनी लिहिले की पवित्र आत्म्याला आणि आम्हांला हे योग्य वाटले. ज्यांचे मत मान्य झाले नाही ते, नियमशास्त्र कडकपणे पाळणाऱ्या परुशी पंथातले विश्वासणारेही त्याच बैठकीत होते, हे मी मुद्दाम तुमच्या नजरेस आणते. दादाविषयीच्या ठरावाच्या बैठकीत दादाच्या बाजूचा एकही माणूस नव्हता. पास्टरांनी माझ्या आईच्या मंडळीला मेलेली म्हटले तेव्हा त्या मंडळीला बोलायची सोय नव्हती. समोरचा खोलीत नसताना झालेल्या निर्णयावर आपण आत्म्याचे नाव लिहितो. पौल थेस्सलनीकाकरांना म्हणतो, आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच म्हणतो, सर्व गोष्टींची पारख करा. यातली पहिली आज्ञा जुन्या मंडळीने ऐकायची आहे आणि शेवटची फेलोशिपने. पूर्ण वचन पाळायचे तर दोघांना एकत्र बसावे लागेल.

माझ्यापुढे याबाबतीत पंडिता रमाबाई उभ्या राहतात. फेलोशिपमध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती आश्रमातल्या संजीवनाच्या, म्हणजे आत्मिक जागृतीच्या, गोष्टी सांगतात, आणि आपल्या जुन्या मंडळीच्या हॉलमध्ये त्यांची तसबीर आहे. दोघेही त्यांना आपल्या मानतात आणि दोघेही खरे आहेत. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन पद्धतीने झाला. पण त्यानंतर तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा पत्रांतून केवढा वाद झाला! एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढले, आता दुसऱ्याचे घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. मंडळीचा अधिकारी म्हणतो म्हणून ती देवाची आज्ञा, हे त्यांना मान्य नव्हते. आपल्या विवेकाने वचन वाचायचा हक्क त्यांनी कधी सोडला नाही. पण त्या एकट्याच्या कानावर विसंबूनही राहिल्या नाहीत. त्या वाद घालत, विचारत, वाचत. पंडित असून ख्रिस्ती झालेले फादर नीळकंठशास्त्री गोरे यांच्या पत्राने आपल्या शंका फिटल्या, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९०५ मध्ये केडगावला मुक्तीत संजीवन आले, मुली रडून रडून प्रार्थना करू लागल्या, काही जणी अन्य भाषांत, म्हणजे न शिकलेल्या भाषांत, बोलू लागल्या. रमाबाईंनी ते दाबले नाही. आणि अन्य भाषा बोलेल तीच खरी आत्म्याने भरलेली, अशी अटही घातली नाही. मग त्या मरेपर्यंत काय करत बसल्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर. १९२२ मध्ये त्या गेल्या, पूर्ण शास्त्र १९२४ मध्ये छापून आले. ज्या बाईच्या आश्रमात एवढा अग्नी उतरला, तिने आयुष्याची शेवटची वर्षे व्याकरणाला आणि कोशाला दिली. आत्मा की शास्त्र, अशी निवड तिने करायला लावली नाही.

आणि आपण ज्या भिंतींवरून भांडतो त्या भिंती कोणी बांधल्या, हेही एकदा मोकळेपणाने बोलू या. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले, १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे केले, म्हणून इकडचे लोक त्यांच्या काँग्रिगेशनल पंथाचे झाले. कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन, नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचे अँग्लिकन, जालना-नागपूरला स्कॉटिश, बुलढाण्याला नाझरीन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट. मिशनांनी आपसांत हद्दी वाटून घेतल्या होत्या. माझ्या आज्याने धर्मसुधारक कॅल्व्हिन वाचून पंथ निवडला नव्हता. तो त्या तालुक्यात राहत होता, एवढेच. आमच्या मूळ गावी नंतर एस.पी.जी. हे दुसरे, अँग्लिकन मिशनही आले आणि एकाच वाड्यात एक गल्ली अमेरिकन आणि एक गल्ली एस.पी.जी. झाली. सख्खे चुलते दोन देवळांत जाऊ लागले. आपले शब्दसुद्धा वेगळे झाले. आम्ही बाप्तिस्मा म्हणतो, बहीण स्नानसंस्कार म्हणते. आमची मंडळी, तिची ख्रिस्तसभा. आणि काही ठिकाणी तर पंथाच्या नावाखाली जुनी जातच बोलते, कोणत्या मंडळीत कोणत्या वाड्याचे लोक जास्त यावरून सोयरिकी ठरतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीही व्यासपीठावरून बोलत नाही.

ही हद्द ओलांडायचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला "देवाचा दरबार" मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेल्यांनाही जागा होती आणि न झालेल्यांनाही. दोन वर्षांनी ते गेले आणि ते काम पुढे फार वाढले नाही. पण २९ नोव्हेंबर १९७० चा दिवस नागपूरचा आहे, आपल्या महाराष्ट्रातला आहे. ऑल सेंट्स कॅथिड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. आपल्यातले कोणी त्या ऐक्यात आहेत, कोणी नाहीत, पण तिथे काय केले ते सगळ्यांनी शिकण्यासारखे आहे. बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली होती, म्हणजे ४१ वर्षे लोक एका टेबलाभोवती बसले. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि फक्त मोठ्यांना देणारे बाप्टिस्ट आणि ब्रदरेनही होते. त्यांनी दोन्ही रीती मान्य ठेवल्या, एकाच मंडळीत. ज्या प्रश्नावरून दादाला फाटकावर थांबवले, त्याच प्रश्नावर. आणि पाळकांच्या दीक्षेचा प्रश्न आला तेव्हा कोणाची पुरी, कोणाची अपुरी असा निकाल त्यांनी दिला नाही. एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले आणि ज्याला जे कमी असेल ते देवाने द्यावे अशी प्रार्थना केली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिले. पुढे त्या मंडळीतही जमिनी आणि पदे यांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. ते मी झाकत नाही. पण हात ठेवण्याची ती रीत खोटी ठरत नाही.

जगातही हे घडले आहे. विश्वासाने नीतिमान ठरणे, या ज्या शिकवणीवरून सोळाव्या शतकात युरोपातली ख्रिस्तसभा फाटली, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला लूथरन आणि कॅथॉलिक यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. मतभेद सगळे संपले असे त्यांनी म्हटले नाही. एकमेकांवर टाकलेले जुने शाप आता लागू नाहीत, एवढे म्हटले. मला आपल्या तालुक्यासाठी तेवढेच हवे आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, शंभरात एकही नाही. आमच्या गावातली सगळी ख्रिस्ती घरे मी एका दुपारी पायी फिरून मोजू शकते. त्यात किती फाटके आणि किती कुलपे!

माझ्या मागण्या या आहेत.

पंचकमिटीने तो ठराव मागे घ्यावा. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे, तो कोणत्याही मंडळीत, कोणत्याही वयात, कोणत्याही रीतीने झालेला असो, त्याला या दफनभूमीत जागा मिळेल, असा नवा ठराव लेखी करावा आणि फाटकाजवळ लावावा. शुल्क घ्यायचे असेल तर सर्वांकडून सारखे घ्यावे. जागा कमी पडते ही अडचण खरी आहे. ती सर्व मंडळ्यांनी मिळून नगरपालिकेपुढे मांडावी.

फेलोशिपच्या पास्टरांनी दफनविधीत आणि सभांत दुसऱ्या मंडळीच्या जिवंत किंवा मृत विश्वासणाऱ्यांच्या तारणाचा निकाल सांगू नये. दुसऱ्या मंडळीचा माणूस बाप्तिस्म्यासाठी आला तर आधी त्याच्या पाळकांशी भेटून बोलावे. आणि पाळकसाहेब, ते भेटायला आले तर त्यांना ओसरीवर उभे न ठेवता आत बसवावे.

"प्रभू म्हणतो" असे म्हणून दिलेला कोणताही संदेश, ज्याने एखाद्याचे लग्न, पैसा, शेत किंवा औषध यांवर परिणाम होतो, तो आधी निदान दोन-तीन वडीलधाऱ्यांपुढे पारखला जावा. त्यांत एक तरी बाई असावी. औषध बंद करायला कोणीही, कधीही सांगू नये, आणि बाहेरून येणाऱ्या वक्त्यांकडून हे आधी कबूल करून घ्यावे.

येत्या १८ जानेवारीपासून ऐक्याचा आठवडा पुन्हा सुरू करावा. वेदीचा प्रश्न सुटेपर्यंत तो शाळेच्या मैदानावर करता येईल. फादर, पहिल्या संध्याकाळी आपण प्रार्थना चालवावी असे मी सुचवते, कारण या भांडणात आपण सर्वांत कमी गुंतलेले आहात.

आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून वचन वाचावे. एकाने रमाबाईंचे भाषांतर आणावे, एकाने बायबल सोसायटीचे, एकाने फादर दिब्रिटोंचे सुबोध बायबल. अध्याय एकच. प्रवचन कोणी करायचे नाही, वाचायचे आणि बोलायचे. सुरुवातीला माझ्या घरी बसता येईल. पुढची खोली मोठी आहे, वीस माणसे बसतात. चटया मी बहिणीकडून आणीन.

उत्तरासाठी मी डिसेंबरअखेरपर्यंत वाट पाहीन. उत्तर सगळ्यांनी मिळून एकच दिले तर बरे, पण वेगवेगळे आले तरी मी ते वाचेन आणि लोकांना वाचून दाखवेन.

माझे नाव वहीत आहे. वर्गणी चुकलेली नाही. आईच्या कबरीशेजारचा खड्डा बुजवला आहे, तिथली माती अजून खालीवर आहे, आणि नियमाप्रमाणे ती जागा मला मिळू शकते. ठराव बदलला नाही तर मला ती नको. मला तीस किलोमीटर टेम्पोतून नेऊन दादाजवळ ठेवावे, असे मी मुलांना लिहून दिले आहे. त्या कागदावर माझ्या बहिणीची आणि वहिनीची साक्षीदार म्हणून सही आहे. ठराव बदलला तर कागद फाडायचा आहे, आणि दादाला परत आणता येते का ते कलेक्टर कचेरीत विचारायचे आहे.

तुमची बहीण,
आपल्याच रविवारच्या शाळेतली एक जुनी शिक्षिका